पडद्यावरची अक्षरं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. हल्ली एका जागी बसवत नाही, एवढंच.

तुम्ही ती अक्षरं पाहिली असतील. जाड, ठोकळ्यासारखी, नुसते गोल आणि चौकोन. आपल्या आईबापांनी लहानपणी पुढचा काळ जसा कल्पिला असेल — रॉकेटं, चकचकीत हेल्मेटं — तशी दिसतात. पणजीत दुकानांवर आहेत, बसवर आहेत. तो फॉन्ट माझा. म्हणजे — माझ्या नावावर आहे.

मी कॉलेजात होतो तेव्हा पेडण्यातल्या आमच्या गावी जत्रेला नाटक बसवलं होतं, ‘चंद्रावरची सोयरीक’. पडद्यावर नाव रंगवलं वैजूतायने, माझ्या चुलत बहिणीने. ताट उपडं घालून तिने गोल मारले, फळीच्या कडेने रेघा ओढल्या. शिरोरेषा ही एवढी जाड, आणि प्रत्येक अक्षरापाशी मुद्दाम तोडलेली. नाटक पडलं. लोक पडद्याकडेच बघत राहिले.

पुढे ताय लग्न होऊन डिचोलीजवळच्या लाटंबार्सेला गेली. मी अक्षरांच्याच धंद्यात शिरलो. तिची अक्षरं डोक्यातून जात नव्हती — ती मी संगणकावर उतरवली, उरलेली तिच्याच वळणाने पुरी केली. बक्षीस मिळालं. कुठून सुचलं, असं स्टेजवर विचारलं, तेव्हा म्हणालो — मनातून.

चोरी म्हणाल? ती आहेच. पण चोरीवर भागलं असतं तर — नाही, सांगतो.

एका सकाळी तायचा फोन आला.

“बाबू रे, डिचोलीच्या बसस्टँडार तुजी अक्षरां बघलंय! माज्या पडद्यावरलीच मगे ती?”

भांडायला नव्हता केला तिने फोन. आवाजात नुसता आनंद. ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? गावभर मिरवली असती, दुसरं काय? पण तो पडदा कधीच वाळवीने खाल्लाय, हे मला ठाऊक होतं. आणि मी —

“कसला पडदा, ताय? त्याच्यावर साधीच अक्षरं होती. तुझा काहीतरी घोळ होतोय.”



“आसात बाबा. इतकी वर्सां झाली. माका खंय धड आठवता?”

गेल्या गणेशचवथीला तिच्याकडे गेलो होतो. हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या वाढत होती. तिची लेक मोबाइलवर माझा फॉन्ट बघत होती. म्हणाली, “आई, तू रांगोळीत अशीच अक्षरं काढायचीस ना?”

“नाय गो,” ताय हसली. “ती मामाची. माका आपला उगीच वाटायचा, माजी म्हणान.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटतं आता.

मी पातोळीवरचं हळदीचं पान सोललं आणि म्हणालो, “होतं असं कधीकधी, ताय.”