नेरेइदाने पट्टी उतरवली

“खाली बघून वाजवलंत तर तुमचे बूट ऐकतील, माणसं नाही,” असं नेरेइदा ओल्वेरा येता-जाता म्हणायची. दोस मेस्कितेस गावच्या पोरांना ते ऐकावं लागायचंच. त्यांचे आईबाप कांद्याच्या शेडमध्ये दिवसभर मान खाली घालून कांदा निवडायचे, आणि पोरांच्या मानाही तशाच वळायच्या. बाल्देरास मास्तरांना फार वाटायचं, हे वाक्य आपलं असायला हवं होतं. पण ते तिचंच होतं.

मास्तर शाळेत ‘मारियाची’ शिकवत, म्हणजे लग्ना-जत्रांत ताफ्याने गायचं-वाजवायचं मेक्सिकोचं संगीत. नेरेइदा पहिल्यांदा आली ती व्हायोलिन मागायला. व्हायोलिनं संपली होती. भिंतीशी एकटा गितारोन, खर्जाची भली मोठी गिटार, उभा होता, लग्नात जेवून पोट सुटलेल्या मामासारखा.

“हा घे,” मास्तर म्हणाले.

“मी याला कशी घेऊ मास्तर? हाच मला घेईल!”

सगळा वर्ग हसला. तीही हसली, आणि तो घेऊन बसली. गितारोनच्या दोन जाड तारा एकदम ओढाव्या लागतात. पहिला हिवाळाभर तिच्या बोटांवर फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. मास्तरांनी एकदा तिला सांगितलं, “आपल्यात समोर काठी हलवणारा कुणी नसतो, पोरी. गाणं कधी चालायचं, कधी थांबायचं, ते सगळे या पोटातून ऐकतात.” दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी येऊन वर्गाचं दार उघडू लागली.

पुढे तीच त्या पोरांची पुढारी झाली. कुणी नेमली असं नाही. एकदा जत्रेत लहानगा दामियान गळ्याचा फुलदार बो घरी विसरला. रडकुंडीला आला. मारियाचीत सगळ्यांचा पोशाख एकसारखा हवा, एकाचंही बटण वेगळं चालत नाही. मास्तर जास्तीचा बो शोधायला गाडीकडे धावले आणि परत येऊन बघतात तर एकाच्याही गळ्यात बो नव्हता. सगळे उघड्या गळ्याने ताठ उभे.

“हे काय?” मास्तर म्हणाले.

“आज अशीच फॅशन आहे, मास्तर,” नेरेइदा म्हणाली. “दामियान, नाक पूस. फॅशन तू काढलीस, आता रडतोस काय?”

त्या दिवशी मास्तरांच्या मनात आलं, हे आपण हिला शिकवलेलं नाही.

मग शाळेच्या स्वयंपाकघरातल्या अंपारोबाई वारल्या. गावातल्या प्रत्येक पोराच्या ताटात त्यांनी कधी ना कधी जास्तीचा घास टाकला होता. पोरं म्हणाली, आम्ही वाजवणार. मास्तर वाजवणाऱ्यांत नव्हते. अंपारोबाईंना भाऊ उरले नव्हते म्हणून शवपेटी उचलणाऱ्यांत त्यांना बोलावलं होतं, मागच्या डाव्या कडीला.

स्मशानाच्या फाटकातून पेटी आत आली. वारा होता, पलीकडच्या उसातून सळसळ येत होती. कबर थोडी पुढे राहिली आणि अंपारोबाईंचा नवरा एवारिस्तो रस्त्यात उभा राहिला. त्याने हात वर केला.

“थांबा. खाली ठेवू नका,” तो म्हणाला. “हिच्या खिडकीखाली मी एक गाणं म्हटलं होतं. हिच्या भावांनी अर्ध्यावर बादली ओतून मला हाकललं. लग्न झालं, पण ते गाणं राहिलं ते राहिलंच. ती म्हणायची, पुढचं कधी? मी म्हणायचो, घाई काय आहे. आज म्हणतो. पुरं म्हणतो.”

गाणं सगळ्यांना ठाऊक होतं. खोऱ्यात कोणत्या लग्नात ते होत नाही! पोरांकडे ते पक्कं बसलेलं होतं, पण ब्रिसाच्या आवाजाला. ब्रिसा त्यांची गाणारी, तिचा आवाज उंच, आणि तिच्यासाठी पट्टी वर चढवलेली.

आता मारियाचीत एक नियम आहे, तो दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत असतो. गाणारा बदलला की आधी त्याची पट्टी विचारायची. लग्नातला झिंगलेला काका असो की बिशप असो, विचारल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही. पण समोर डोळे भरलेला म्हातारा, त्याच्या मागे पेटी, पेटीत अंपारोबाई. अशा माणसाला पट्टी कशी विचारायची? ट्रम्पेटवाल्या साऊलला ते उद्धटपणाचं वाटलं. त्याने मान खाली घातली, आणि हाताला सवय होती तसं सुरुवातीचा तुकडा फुंकून मोकळा झाला. बाकीचे त्याच्यामागे गेले.

मास्तरांनी पहिल्याच सुराला डोळे मिटले.

एवारिस्तोने पहिली ओळ कशीबशी रेटली. दुसऱ्या ओळीत सूर वर जातो. तिथे त्याचा आवाज चिरकला, आणि तुटला. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. बायकांनी रुमाल तोंडाला लावले. कुणीतरी खोकलं. व्हायोलिनं एकेक करून विरली, आणि सगळ्या पोरांचे डोळे मास्तरांकडे वळले.

मास्तरांच्या दोन्ही हातांत कडी होती. सोडली असती तर पेटी कलंडली असती. आणि सोडता आली असती तरी त्यांनी काय केलं असतं? गाणं थांबवलं असतं, माफी मागितली असती, पुन्हा सुरू करा म्हटलं असतं. म्हातारा पुन्हा गायला नसता. हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर राहणार, आणि आता पुढचं विचारायलाही कुणी नाही.

गितारोन मात्र थांबला नव्हता.

नेरेइदा तेच दोन ठोके ओढत होती, घरात कुणी सावकाश येरझाऱ्या घालाव्यात तसे. तिने ट्रम्पेटवाल्यांकडे नुसतं पाहिलं, ट्रम्पेटं खाली आली. मग उजवा हात तारांवरून क्षणभर सुटला, दोन बोटं वर झाली. पट्टी बदला, हा त्या खुणेचा अर्थ सगळ्यांना माहीत होता, पण चालू गाण्यात ती कुणी कधी पाहिली नव्हती. ती एकेक पायरी खाली उतरली. विहुएला ही छोटी गिटार वाजवणारा दामियान तिच्या बोटांकडे टक लावून होता, तो उतरला. मग एक व्हायोलिन. ते चुकलं, सापडलं. मग दुसरं. सगळं गाणंच जणू तिने हात धरून जिन्यावरून खाली आणलं.

ती म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“आजोबा, तुमचं होऊ द्या. आम्हाला कुठे जायचंय?”

आणि ती तेच तेच वाजवत राहिली. किती वेळ, ते मास्तरांना सांगता येणार नाही. कडी तळव्यात रुतत होती, पण पेटी उचललेल्यांपैकी कुणी हूं केलं नाही.

एवारिस्तोने दुसरी ओळ पुन्हा धरली. ती बसली. तिसरी बसली. आवाज जुन्या दारासारखा होता, पण दार उघडत होतं. तो पेटीकडे तोंड करून गात गेला, बादली पडली होती त्या ओळीच्या पुढे गेला, आणि शेवटपर्यंत गेला. शेवटच्या ओळीला साऊलने ट्रम्पेट उचललं आणि अगदी हळू, रडत रडत, एकच सूर लावला. तो बरोबर होता.

मास्तरांनी अनेक दारूगुत्त्यांत, मोठमोठ्या मंचांवर वाजवलं होतं. असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. सतरा वर्षांची पोर, कांद्याच्या शेडमधली, आणि सगळं गाव तिच्या दोन बोटांवर उभं होतं.

माती पडली. एवारिस्तो नेरेइदाकडे आला.

“तुमची अंपारोबाई जन्मभर सांगत होती मला, एवढं वर ओरडू नका,” तो म्हणाला. “तिचं ऐकायला आज मुहूर्त सापडला मला.” आणि तो हसला, मग रडला, मग पुन्हा हसला.

साऊल थडग्यामागे लपला होता. नेरेइदाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

“जा. आजोबांना स्वतः सांग.”

“काय सांगू?”

“विचारायला घाबरलो म्हणून सांग. ते काही खाणार नाहीत तुला, घरी तमाले शिजतायत.”

तो गेला. मास्तर जवळ आले. त्यांना खूप बोलायचं होतं.

“कसं सुचलं तुला?”

“सुचलं कुठे, मास्तर? त्यांच्या गळ्याची शीर दिसत होती.” तिने गितारोनवरची माती झटकली. “शनिवारी लग्नाला मी पुढे उभी राहणार नाही. साऊल राहील.”

“आज ज्याने चुकवलं तो?”

“मग कोण? दामियान? त्याला अजून बो सांभाळता येत नाही.”

“आणि तू?”

“मी मागे. ट्रम्पेटवाला पुढे उभा राहिला तर कसं दिसतं, ते मलाही बघायचंय. शाळा संपली की मी पुढच्या वर्षी असणार का इथे? यांना पुढे उभं राहणं आत्ताच यायला हवं.”

तिने गितारोन पाठीवर घेतला आणि थडग्यांमधल्या वाटेने शाळेच्या बसकडे निघाली. पोरं आपोआप मागे रांगेत लागली, कुणीही पायांकडे न बघता. मास्तर तळव्यातले लाल वळ चोळत कबरीपाशी उभे राहून बघत होते. त्यांच्या शेजारी एवारिस्तो, टोपी हातात धरून. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याने टोपी डोक्यावर घातली नाही.