शेवटी काय म्हणाल्या

"कशावरून?"

समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंचा हा शब्द यायचा. चष्मा कपाळावर चढवलेला आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासत असलेला, जणू चिमटीत माती आहे. बहुतेक वेळा ती असायचीच. अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ताईंनी सव्वीस वर्षं काढली. त्यांतली अकरा मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काढली.

शेतकरी कापडी पिशवी ठेवून म्हणायचा, "जमीन एक नंबर हाय, ताई." ताई म्हणायच्या, "कशावरून?" साहेब म्हणायचे, या महिन्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं. "कशावरून, साहेब? पिशव्या तर तशाच पडून हायेत." माणूस चिडायचा. पण ताईंच्या विचारण्यात टोमणा नसायचा. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, आणि तेच लोकांना जास्त झोंबायचं. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्या पाठीमागे लोक काय बोलतात तेही तुम्ही ऐकलं असेल.

ताई देव मानत नव्हत्या. हे त्या कधी जाहीर करत फिरल्या नाहीत, आणि कुणी विचारलं तर लपवलंही नाही. नवीन माणसाला वाटायचं, बाईच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडलं असणार, मूलबाळ नाही, त्याचाच राग असेल. मीही पहिल्याच वर्षी चाचपून पाहिलं होतं.

"काई झालं नोयतं," त्या म्हणाल्या. "विचार केला. पटलं नाही. बस."

प्रयोगशाळेत दर श्रावणात सत्यनारायण व्हायचा. ताई पूजेला बसत नसत, पण शिऱ्याची वाटी दोनदा घेत. "शिऱ्यानं माहं काय वाकडं केलं?" आणि बोलताना सारखं "हाव बाप्पा", "नाही बाप्पा" चालायचं. आमच्या शिपायानं एकदा पकडलं, "ताई, देव नाही म्हणता अन् बाप्पा बाप्पा करता?" त्या हसल्या. "तो बाप्पा देव नोय रे. ती वऱ्हाडातली खोड हाय."

ती वर्षं वाईट होती. आमच्या भागातल्या गावांची नावं रोज पेपरात यायची, आणि का यायची ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा एक बाई नवऱ्यानं दिलेल्या मातीचा अहवाल न्यायला आली. नवरा तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. पावती त्याच्या शर्टाच्या खिशात सापडली म्हणून ती आली होती. ताईंनी तिला आपलं स्टूल दिलं. अहवाल हातात घेऊन ती म्हणाली, "देवाची मर्जी, ताई." मला वाटलं, आता येतो तो शब्द. तो आला नाही. ताई म्हणाल्या, "माती चांगली हाय तुमची. खरंच चांगली हाय." आणि तिच्याबरोबर ऑटोपर्यंत गेल्या.

दुःखातल्या माणसाशी वाद न घालण्याची ही सवलत पुढे ताईंना कुणीच दिली नाही. मीसुद्धा नाही.

त्या जूनमध्ये त्यांनी मला तराजूच्या खोलीत बोलावलं. तिथे वारा नको म्हणून दार कायम बंद असायचं. "डाव्या छातीत गाठ हाय," त्या म्हणाल्या. "आंघोळ करताना लागली."

"कधी?"

"दिवाळीत."

आठ महिने झाले होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारी ही बाई आठ महिने गप्प बसली होती.

"दुखत नोयती," त्या म्हणाल्या. "दुखत नाही म्हंजे काई नाही, असं धरून चालली मी. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याले सोडलं नसतं. भ्याली होती मी, पोरी. दुसरं काई नाही."

नागपूरला ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. मग केमो, दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा. त्यांचे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत होते. कमी बोलणारे, सकाळी देवपूजा करणारे. ताई त्यांना "तुमच्या देवाले चहा झाला का?" असं विचारत, आणि तेही हसत. दोघं पहाटेच्या गाडीनं जात आणि दुसऱ्या दिवशी येत. आठवडाभरानं ताई कामावर हजर होत. केस गेले तेव्हा पावसानं दडी मारली होती, कडक ऊन होतं. उन्हात अमरावतीच्या सगळ्याच बाया डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात, त्यामुळे रस्त्यावर कुणाला काही कळलं नाही. प्रयोगशाळेत आल्यावर त्या दुपट्टा सोडून खुंटीला टांगत आणि तशाच उघड्या डोक्यानं कामाला लागत. आम्ही नजर चुकवायचो. त्या नाही.

घरी मात्र रीघ लागली. कुणी अंगारा आणला, कुणी मंतरलेलं पाणी, कुणी दंडाला बांधायचा दोरा. शेजारच्या एक काकू पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "आतातरी मान त्याले. मानलं असतं तर ही पाळी नसती आली."

"तुमच्या देवळातल्या पुजाऱ्याची बायको याच दुखण्यानं गेली," ताई म्हणाल्या. "तिची पूजा कुठं कमी पडली होती?"

काकू उठून गेल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, मरायला टेकली तरी बाईचा माज उतरत नाही.

त्या दिवशी मी तिथेच होते. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या. तशाच पडून म्हणाल्या, "तुमाले बरं हाय. रडायले जागा हाय, भांडायले माणूस हाय वरतं. काहून केलं म्हणून विचारता येते. मी कोणाले विचारू? एक पेशी चुकली. तिले डोकं नाही, कान नाही. तिच्यावर चिडून काय करू?"

मी त्यांचे पाय दाबत बसले. पण मनात एक गोष्ट पक्की केली. माझं माहेर महानुभाव. पुढच्या रविवारी मी रिद्धपूरला, आमच्या पंथाच्या तीर्थाला गेले, फाट्यापासून अनवाणी चालले आणि नवस बोलले, या बाईला बरं कर, मी तिला घेऊन दर्शनाला येईन.

मार्चअखेरीला तपासणी झाली. अहवाल स्वच्छ. ताई पेढे घेऊन प्रयोगशाळेत आल्या. डोक्यावर बोटभर केस आले होते, पूर्वी कधी नव्हते असे कुरळे. मला आनंद आवरेना. मी त्यांना बाजूला घेतलं आणि नवसाचं सांगून टाकलं. "एकदा फक्त चला ताई. हात जोडू नका. नुसत्या उभ्या राहा."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेले नाही. 

"सहा केमो कोणी घेतले?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "ओकाऱ्या कोणी काढल्या? छाती कोणाची कापली? अन् नाव कोणाचं लावून राह्यली तू?"

"माझ्या समाधानासाठी, ताई..."

"तुह्या समाधानासाठी माह्या अंगावर दुसऱ्याची पाटी लावू नको."

त्यानंतर चार महिने आम्ही कामापुरतं बोललो. माझंही चुकलं नाही असंच मला वाटत होतं. मी त्यांच्यासाठी अनवाणी चालले होते, आणि त्यांनी ते झिडकारलं. शेवटी एका दुपारी त्यांनी डबा उघडून भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. "खाय," म्हणाल्या. तेवढ्यावर मिटलं. रिद्धपूरचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग पाठ दुखायला लागली. या वेळी त्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेल्या, तरी उपयोग झाला नाही. हाडांत पसरलं होतं. मी घरी गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुले वाटून राह्यलं ना, नवस फेडला नाही म्हणून झालं?"

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणाले, पण जरा थांबून. त्या थांबण्यात त्यांना सगळं कळलं. मला खरंच तसं वाटलं होतं. अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसूनही वाटलं होतं. शेजारच्या काकूंनी तोंडावर म्हटलं, मी मनात म्हटलं, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पंखा कर जरा मोठा," एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटले.

पुढे त्यांनी देहदानाचा अर्ज भरला. त्यांचं माहेर अकोल्याचं, देह तिथल्याच वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा असं ठरवलं. "शिकतीन पोरं. गाठ लवकर कशी शोधायची ते तरी शिकतीन." साक्षीदार म्हणून एक सही यजमानांची. दुसरीसाठी त्यांनी मला बोलावलं. मी बघतच राहिले, तेव्हा म्हणाल्या, "तुह्या मनात काय हाय ते मले माईत हाय. सही हातानं करायची हाय, मनानं नाही. कर."

एप्रिलमधल्या एका दुपारी त्या गेल्या. यजमान औषध आणायला बाहेर पडले होते, खोलीत मी एकटीच होते. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि ताई कुडकुडत होत्या. माझ्या पर्समध्ये रिद्धपूरचा प्रसाद होता. चार वेळा हात पर्सपाशी गेला. मी तो बाहेर काढला नाही. त्यांच्यासाठी मी केलेली धड गोष्ट बहुधा तेवढी एकच.

त्या म्हणाल्या, "पंखा बंद कर. थंडी वाजून राह्यली." मी उठून बटण बंद केलं. वळून आले तोवर संपलं होतं.

अकोल्याहून भाऊ आले. धाकटे, हार्डवेअरचं दुकान असलेले. आल्या आल्या त्यांनी तिरडीची भाषा सुरू केली. अर्ज दाखवला तेव्हा ओरडले, "तिचं डोकं फिरलं होतं, भाऊजी! तुमी तर मानता ना देवाले?"

यजमान भिंतीला टेकून उभे होते. "मानतो," ते म्हणाले. "पण सही तिची हाय."

गाडीत मागे ताई, समोर आम्ही दोघं. भाऊ मोटारसायकलवरून आमच्या मागे आले, पण महाविद्यालयाच्या फाटकापाशी थांबले. आत आले नाहीत. तिथल्या माणसानं कागद तपासले, यजमानांची सही घेतली आणि चाकांची खाट ढकलत एका दारातून गेला. दार मिटलं. यजमान त्या दाराला नमस्कार करायला वाकले, अर्ध्यावर थबकले, मग ताठ झाले आणि परत फिरले.

भावानं अकोल्यात देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून जाळला. बहिणीच्या नावानं दहावं केलं, तेरावं केलं. यजमान गेले नाहीत, त्या दिवशी त्यांनी बडनेऱ्याला ड्यूटी लावून घेतली. मी तेराव्याला गेले. का गेले, सांगता येत नाही. कदाचित कुठेतरी रडायला बसायचं होतं म्हणून.

जेवणाची पंगत बसली होती. भाऊ वाढता वाढता माझ्यासमोर थांबले आणि खाली बसले. हातात तुपाची वाटी तशीच. "तुमी होत्या ना तिथं," ते म्हणाले. "शेवटी काई म्हणली का ती? नाव घेतलं का त्याचं?"

सगळ्या पंगतीचे हात थांबले. भावाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. लहान असताना ताईंनीच त्यांना कडेवर वागवलं होतं. एक "हो" म्हटलं असतं तर त्या माणसाला झोप लागली असती.

"नाही," मी म्हणाले. "पंखा बंद कर म्हणाल्या. थंडी वाजत होती त्यांना."

ते वाटी घेऊन उठले आणि पुढच्या पानाकडे गेले. माझ्या पानावर तूप पडलं नाही.

सहा वर्षांनी अकोल्यातच एका नातेवाइकांच्या लग्नाला गेले होते. जेवणानंतर बाया खुर्च्या ओढून बसल्या. कुणाच्या तरी सुनेला हेच दुखणं निघाल्याचा विषय निघाला. समोरची बाई बोलायला लागली आणि मी तिला ओळखलं. ताईंची भावजय. तिनं मला ओळखलं नव्हतं.

"आमच्या नणंदेले हेच झालं होतं," ती सांगत होती. "जलमभर देवाले मानलं नाही तिनं. पण शेवटच्या घडीले हात जोडले अन् नाव घेतलं. तिच्या हापिसातली एक बाई होती तिथं. तिनंच आमाले सांगतलं, तेराव्याले, रडत रडत."

"ती बाई मी," मी म्हणाले. "त्यांनी हात जोडले नव्हते. आणि मी तसं सांगितलंही नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओळख पटली, चेहरा खुलला. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मायेनं थोपटला. 

"तुमीच का त्या! लय वर्षं झाली आता. तुमच्या ध्यानात नसन." आणि बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, "ह्याच त्या. ह्यायनंच ऐकलं."

त्यांतल्या एकीनं मला हात जोडले.