चांदणीचं माहेरपण

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, देवाच्या नावावर गंडा घालणारे पाहिले. तरी घरात चार पाहुणे जमले की फर्माईश एकच, 'ती घोडीची केस सांगा.' माणसांची नावं मी सांगणार नाही. घोडीचं नाव चांदणी. ते सांगायला हरकत नाही, ती काही माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावणार नाही.

तेव्हा मी मिरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तुळशीची लग्नं उरकली होती आणि लग्नसराईची पहिली वरात हाटकेशमधल्या एका सोसायटीतून निघाली. नवरदेव घोडीवर बसला. बहिणीनं घोडीला मूठभर भिजवलेली चणाडाळ खाऊ घातली. हा रिवाज आपल्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आला, पण आता आपलेही लोक हौसेनं करतात. ताशा कडाडला आणि चांदणी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव धाडकन खाली. मनगट मोडलं, फेटा बँडवाल्याच्या पायात गेला, आणि घोडी पार्किंगमधल्या स्कूटर आडव्या करत गेटबाहेर पळाली. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. सकाळपर्यंत 'पिसाळलेली घोडी' म्हणून तिचा व्हिडिओ घरोघरी पोचला होता.

फिर्याद द्यायला नवरदेवाचे वडील आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, बोलणं टिपणी लिहिल्यासारखं.

"साहेब, त्या घोडीवाल्याला आत टाका. आणि त्या जनावराला गोळी घाला. उद्या कुणाचं लहान मूल सापडलं तर जबाबदार कोण?"

राग खोटा नव्हता. बोहल्यावर प्लास्टर घालून उभा राहिलेला मुलगा त्यांनी पाहिला होता. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. दुपारी एका खबऱ्याचा फोन आला. "साब, घोडीवाला घोडी को दारू पिलाता है. पक्की खबर है." त्याची खबर किती पक्की असते ते मला माहीत होतं. तरी मी घोडीवाल्याला बोलावून घेतलं.

तो मुर्धा गावचा. खाडीच्या अंगाला, जुन्या मिठागरांकडे जाताना त्याचं घर आणि शेजारी पत्र्याचा तबेला; पळालेली घोडी रात्री तिथंच परत आली होती. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. खुर्ची दिली तरी बसेना. मी अजून प्रश्नही विचारला नव्हता.

"साहेब, माझीच चूक हाय. मीच तिला दारू पाजली. मला आत टाका."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खरा गुन्हेगार आधी पाणी मागतो, मग वकील, मग देवाची शपथ घेतो. कबुली सगळ्यात शेवटी. इथे गडी दारातच कबुली घेऊन उभा!

"कुठली दारू?"

"देशी."

"कशातून पाजलीस?"

तो खुर्चीची पाठ चाचपू लागला.

"आणि चकणा काय घेतला रे घोडीनं?"

आमचे हवालदार तोंड फिरवून हसले. घोडीवाल्याच्या मात्र डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग मीच माझा चहा त्याच्यापुढे सरकवला. दोन घोट घेऊन तो बोलला.

"साहेब, मी गुन्हेगार ठरलो तर सजा भोगून घरी येईन. ती पिसाळलेली ठरली तर तिला मारून टाकतील. ती घरी येणार न्हाय. तिच्या पाठीवर माझं घर चाललं हो. लेकीचं लगीन झालं ते तिच्याच जिवावर."

अशा कबुलीचं काय करायचं, हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. मी जबाबात ती घेतली नाही. सरकारी पशुवैद्यक बाईंना घोडी तपासायला सांगितलं. त्यांनी रक्ताचा नमुना पाठवला. अहवाल स्वच्छ आला. दारू नाही, नशेची गोळी नाही, रोग नाही. आता माझी पंचाईत झाली. वर्षानुवर्षं वरातीत ताशाच्या आवाजात डुलत चालणारी घोडी. गेल्या उन्हाळ्यापर्यंतची तिची वागणूक सांगणारे साक्षीदार मिळाले, सगळे म्हणाले गरीब गाय होती. मग अचानक झालं काय?

मी डॉक्टरबाईंना आणि हवालदारांना घेऊन सकाळी मुर्ध्याला गेलो. घोडीवाल्याची बायको लगबगीनं बाहेर आली. "बसा साहेब, च्या टाकते," म्हणाली. पण आत गेली आणि चहाऐवजी घमेलं घेऊन आली. घमेल्यात फुगलेले चणे, जव आणि वर गुळाचे खडे.

"थांबा हं. आधी हिचं झालं पायजे, न्हायतर ओरडून जीव खाईल."

घमेलं दिसताच चांदणीनं कान मागे पाडले. पत्र्यावर एक लाथ अशी मारली की आमचे हवालदार थेट अंगणात. मग तिनं घमेल्यात तोंड खुपसलं. कोपऱ्यात गवताची पेंढी तशीच पडली होती, दोरीही सोडलेली नव्हती.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून देताय हे?"

"पावसाळा लागला तवापासून. दोन टायम. कधी तिन्ही सांजेला पण." ती अभिमानानं सांगत होती. "उन्हाळ्यात वराती करून करून नुसती हाडं वर आली होती. त्यात माझी लेक सासरी गेली, लांब. घर खायला उठायचं. म्हटलं, चातुर्मासात लगनं न्हाईत, हिला माहेरपण करू. लेक माहेरी आली की आपण तिला काम सांगतो का? सुकं गवत वाढतो का? खा म्हटलं, बस म्हटलं. लेकीसाठी केलेले लाडू पण हिनंच खाल्ले."

"फिरवायला कोण न्यायचं?"

"फिरवायचं कशाला? माहेरपणाला आलेल्या पोरीला कुणी फिरवतं काय!"

डॉक्टरबाईंनी घमेल्यावरून हात फिरवला. त्यांचा आवाज मऊ होता. "मावशी, घोड्याचं पोट गवतासाठी बनलंय. दिवसभर थोडं थोडं चघळायचं, हे त्याचं जेवण. चणे, जव, गूळ यातून ताकद झटकन येते. काम असेल तर ती जिरते. काम नसेल तर जाणार कुठे? अंगात सळसळत राहते. गवत सुटलं की पोटात आम्ल होतं, जळजळतं, जनावर चिडकं होतं. सगळ्याच घोड्यांचं इतकं बिघडत नाही, पण हिचं बिघडलंय. त्यात एकदम ताशा वाजला."

ती बाई घमेलं दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली बसली.

"म्हंजी तो पोरगा माझ्या हातानं पडला?"

घोडीवाल्यालाही हे आत्ताच कळत होतं. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

त्या दिवसापासून ती तबेल्याकडे फिरकेना. हवालदार बातमी आणायचे, घोडी हिच्या आवाजाकडे मान वळवते आणि ही घरात तोंड लपवून बसते. मला ते सहन होईना. नवरदेवाच्या आईवडिलांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं होतं, त्याच वेळी घोडीवाला आणि त्याची बायकोही ठाण्यात आली. मी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरांचा अहवाल वाचून वडील उसळले. "म्हणजे अति लाडानं? हे काय कारण झालं?"

घोडीवाल्याची बायको पुढे झाली आणि तिनं नवरदेवाच्या आईपुढे हात जोडले. "ताई, माझ्या हातनं झालं. लेक सासरी गेली, माझे हात रिकामे झाले. घोडीचं माहेरपण करायला गेले आणि तुमच्या लेकराचा हात मोडला."

नवरदेवाची आई म्हणाली, "माझी मुलगी बाळंतपणाला आली होती. मी तिला पलंगावरून उतरू दिलं नाही, डिंकाचे लाडू भरवत बसले. डॉक्टरांनी मलाच झापलं." तिनं घोडीवालीचे जोडलेले हात खाली केले. "मुलगा माझा पडलाय, राग आहेच. पण त्या मुक्या जिवाला मारून माझ्या मुलाचं मनगट जुळणार आहे का?" नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं नुसतं पाहिलं. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना कळते तशी ती नजर होती.

पुढे कोर्टाच्या परवानगीनं, कायद्यात जेवढी वाट होती त्या वाटेनं प्रकरण आपसात मिटलं. चांदणी वाचली. डॉक्टरबाईंनी दाणा हळूहळू कमी करायला लावला, गवत वाढवलं आणि रोज चालवायला सांगितलं. त्या निघाल्या तेव्हा घोडीवाल्याच्या बायकोनं त्यांना विचारलं होतं, "मंग मी हिचे लाड करू तरी कशानं?"

"सोबत चाला तिच्या," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

या प्रकरणानंतर माझी चौकशीची पद्धत बदलली. बिथरलेला पोरगा ठाण्यात आणला की लोक म्हणायचे, साहेब, जात्याच वाईट आहे. मी त्याच्या आईला विचारायचो, दिवसभर करतो काय, खातो काय, हिंडतो कुठे. जात्याच वाईट फार थोडे निघाले. आणि माया करणारं माणूस चुकलं तर त्याला त्याची चूक सांगावी लागते, पण सांगून तसंच सोडून जाऊ नये. त्याच्या हाताला दुसरं काहीतरी द्यावं.

निवृत्तीनंतर एकदा किनाऱ्यावरच्या पाली गावात मासळी आणायला निघालो होतो. मुर्ध्याच्या रस्त्यावर स्कूटर थांबवावी लागली. समोरून ती येत होती, हातात चांदणीची दोरी, दोरी सैल सोडलेली. दोघी सावकाश चालल्या होत्या. बाई घोडीशी काहीतरी बोलत होती आणि घोडी तिच्या पदरात तोंड घालून गूळ शोधत होती.

मला ओळखून ती थबकली, घाईघाईनं पदर झटकून दाखवला.

"न्हाय हो साहेब, गूळ न्हाय. आईशपथ न्हाय!" आणि मग हसली. "हिला ठाव हाय, न्हाय ते. तरी रोज बघते."