गच्चीवरची मोकळी पाच मिनिटं

बोलणाऱ्या माणसांचे किस्से बोलण्यातच संपून जातात. साठतात ते गप्प बसणाऱ्यांकडे. माझ्या लग्नाला सातच महिने झालेत, पण माझ्याकडे आत्ताच डबा भरून किस्से आहेत. सगळे एकाच गच्चीवरचे.

गच्ची नाईक सरांची, इथं तेलुगू मुलखात, चिक्कडपल्लीत. सर निवृत्त प्राध्यापक. दर रविवारी सकाळी तिथं दहा-बारा मराठी माणसं जमून भाषणं करतात. यंदाचा विषय अमेरिकेतली गाजलेली भाषणं. एकानं मराठीत उतरवायचं, दुसऱ्यानं बोलायचं, असा जोडीचा मामला. माझा नवरा मंदार बोलतो. त्याला उतरवून देते श्रुती. दोघांची जोडी कॉलेजपासूनची.

पहिल्याच रविवारी सरांनी विचारलं, "सूनबाई, तुम्ही बोलणार?" मी मानेनंच नाही म्हटलं. "मग घंटा तुमच्याकडे. वेळ संपली की वाजवायची." ती सरांच्या देवघरातली. रविवारी देवाची पूजा घंटेविना होते.

*

सुलतान बाजारात साड्यांचं दुकान असलेले भास्करराव एकदा मंदीच्या काळातल्या राष्ट्राध्यक्षांचं भाषण करत होते. देशाच्या मनातली भीती घालवणारं. आवाज चांगला चढला होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हौ, आलोच. हौ, कोथिंबीर पण आणतो."

सर म्हणाले, "भास्करराव, देशाचं काय?"

"देश थांबतो सर. ही नाही थांबत."

*

शेवटची पाच मिनिटं मोकळी. कुणीही कुणाबद्दल काहीही बोलावं. उलट उत्तर द्यायचं नाही, राग धरायचा नाही आणि गच्चीवरचं खाली न्यायचं नाही. अमेरिकेच्या घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीमुळे तिथल्या सरकारला बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही. सर म्हणतात, आपली ही घरगुती दुरुस्ती. फक्त घंटा ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं नाही.

एका रविवारी मी सगळ्यांसाठी पोहे नेले होते. मोकळ्या वेळात श्रुती उठली.

"वहिनींचे पोहे मस्त. पण मंदारला हिरवी मिरची बिलकुल चालत नाही. पोट बिघडतं त्याचं. वहिनींना कुणी सांगितलं नाही का?"

तोपर्यंत तो माणूस माझ्या हातची मिरची मुकाट गिळत होता.

घरी आल्यावर विचारलं, "तुला मिरची चालत नाही?"

मंदार म्हणाला, "गच्चीवरचं खाली आणायचं नाही, असा नियम आहे."

*

श्रुती स्वतःही बोलते. एकदा तिनं गुलामगिरीतून सुटलेल्या एका बाईचं भाषण केलं. ती बाई भर सभेत उभी राहून विचारते, मी राबले, मुलं जन्माला घातली, मग मी बाई नाही का? ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. घंटा मांडीवर तशीच राहिली आणि श्रुती चक्क तीन मिनिटं जास्त बोलली.

सगळे म्हणाले, सूनबाईंचं मन मोठं आहे.

माझं मन किती मोठं आहे ते मला माहीत होतं. घरी येऊन मी त्या दिवशी कपाट आवरलं. दोनदा.

*

मग मंदारनं 'माझं एक स्वप्न आहे' हे गाजलेलं भाषण घेतलं. रोज संध्याकाळी बाल्कनीत फोनवर सराव. "श्रुती, इथं आवाज खाली घेऊ का?" "श्रुती, इथं थांबू?" मी आत वरण ढवळत असायचे. आमच्या विद्यानगरच्या अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं की माझ्या नवऱ्याचं एक स्वप्न आहे. त्याचा तपशील श्रुतीकडे होता.

रविवारी तो ऐन रंगात आला आणि मी घंटा वाजवली. घंटा झाली की अर्ध्या शब्दावर थांबायचं. तो थांबला.

सरांनी घड्याळ बघितलं. "सूनबाई, अमेरिकेत अजून दोन मिनिटं होती."

मोकळ्या वेळात श्रुती उठली. आता आली माझी पाळी, असं मला वाटलं.

"घंटा लवकर झाली," ती म्हणाली. "मी वहिनींच्या जागी असते ना, तर पहिल्याच वाक्याला वाजवली असती."

*

गेल्या रविवारी सरांनी रणभूमीवरच्या त्या प्रसिद्ध भाषणाची गोष्ट सांगितली. आधी एक नामांकित वक्ता दोन तास बोलला. मग राष्ट्राध्यक्ष उठले आणि दोन-तीन मिनिटांत बसले. लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरं.

मोकळी पाच मिनिटं सुरू झाली. मी उठले आणि घंटा श्रुतीच्या हातात दिली.

"मंदारला मिरची चालत नाही हे मला श्रुतीकडून कळलं," मी म्हणाले. "मला काय चालत नाही, ते मंदारनं कुणाला तरी विचारून घ्यावं."

आणि बसले.

मंदार उत्तर द्यायला उठला. श्रुतीनं घंटा वाजवली.

परतताना स्कूटर सिग्नलला थांबली. मंदार मान मागे वळवून म्हणाला, "काय चालत नाही तुला?"

"गच्चीवरचं खाली आणायचं नाही," मी म्हणाले.

सिग्नल सुटला. त्यानं स्कूटर वळवली.

आम्ही जिने चढून पोचलो तेव्हा सर एकटेच सतरंजी गुंडाळत होते.

"सर, पाच मिनिटं गच्ची मिळेल?"

सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सतरंजी पुन्हा पसरली आणि जिन्याकडे निघाले. दारात थांबून विचारलं, "घंटा ठेवू की नेऊ?"

"न्या सर," मंदार म्हणाला.