त्या शहरात वारा नव्हता

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रुसून बसलो होतो. आज सहा आठवडे झाले, राग उतरलेला नाही. रविवारची दुपार होती. त्याची बायको शालूवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या. हे गेले." मी मूर्खासारखं विचारलं, कुठे? कारण आमचा वसंता कुठे जाण्यासारखा राहिलाच नव्हता. बिड्या ओढून फुफ्फुसांची चाळण झालेली. दिवाणावरून मोरीपर्यंत जायचं तर त्याला मध्ये एकदा खुर्चीत टेकावं लागे. त्या माणसाने गच्ची गाठली, तिथली टाकीची लोखंडी शिडी चढला, टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि बसल्या बसल्या संपला. शेजाऱ्यांनी उतरवलं. मी पोचलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जिंकल्यासारखा भाव होता. तो पाहून मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

आम्ही दोघं खापा गावचे, शाळेत एका बाकावरचे. मी कचेरीत कारकून झालो, वसंता खापरखेड्याला ठेकेदाराच्या टोळीत चिमणीवर चढू लागला. विजेच्या कारखान्याची ती उंचच उंच चिमणी. तिच्यावरचे लाल दिवे बदलायचे, रंग द्यायचा. त्या टोळीत एक रीत होती. एक माणूस वर, तर एक माणूस खाली. खालच्याने काही करायचं नाही, मान वर करून उभं राहायचं; वरचा उतरेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मी विचारलं, अरे, तू घसरलास तर तो खालून काय झेलणार आहे तुला? वसंता म्हणाला, "झेलाले नाही बे. कोणी पाहून राहिला म्हटलं का पाय बरोबर पडते."

मग दम लागू लागला, काम सुटलं, आणि त्याची मुलगी हैदराबादला नोकरीला जाताना तिचा व्हिडिओ गेम घरी ठेवून गेली. काय गेम होता तो! एक अख्खं शहर, कुठेही जा, कोणी अडवत नाही. आपला गडी काचेच्या भिंतीवरून सरळ वर पळतो, गच्चीवरून गच्चीवर उडी मारतो, रागावला तर बस उचलून फेकतो. उंच जागी हिरवे गोळे चमकत असतात. एक वेचला की टण्ण आवाज होतो आणि पुढची उडी आणखी मोठी जाते. वसंता त्या टण्णपायी वेडा झाला. मोरीपर्यंत जायला मध्ये खुर्ची लागणारा माणूस दिवाणावर बसून दिवसाला चाळीस इमारती चढू लागला, आणि खरं सांगतो, त्या वेळी त्याचा श्वास मला शांत वाटे. दर रविवारी मला बोलावणं असे. हातात काही द्यायचा नाही, फक्त बस म्हणायचा. "खाली कोणी पाह्यजे ना गा."

पण चिमणीवाल्याची नजर ती. महिन्याभरात त्याने त्या शहराचे वाभाडे काढले. इमारती शंभर, पण नमुने पाचच. दारं सगळी रंगवलेली, एकही उघडत नाही. रस्त्यावरची माणसं तीन वाक्यं बोलतात, चौथं नाही. कामगिरी म्हणाल तर ह्याला मार, त्याला मार, गोळा आण, पुन्हा ह्याला मार. एकदा त्याला तिथे चिमणी सापडली, वर लाल दिवासुद्धा! तो आनंदाने चढला आणि वर पोचून चिडला. शिडीच नव्हती तिला. "मंग हा दिवा कोण बदलवते? याचा बाप?" आणखी एक दुःख होतं. तो गडी पडला तरी मरत नसे. चाळिसाव्या मजल्यावरून रस्त्यावर आदळायचा, कपडे झटकायचा, चालू लागायचा. वसंता म्हणायचा, पडायचं भ्या नाही तर चढायची मजा अर्धीच. आणि सगळ्यात वर उभं राहिलं तरी वारा नाही. बाकी सगळं त्याने माफ केलं, वारा नसणं केलं नाही.

इथे मी माती खाल्ली. मला नकला करायची खोड. दुसऱ्या एका मित्राच्या मुलीच्या साखरपुड्यात मी वसंताची नक्कल केली... लोडाला टेकून, नाकाला वाफेचं यंत्र लावून टॉवर चढणारा वसंता. मांडव हसून लोळला. वसंताही हसला, हसता हसता खोकला, वहिनींनी त्याला बाहेर नेलं. पुढच्या रविवारी गेलो तर तो म्हणाला, हसायचं होतं तर घरी हसायचं. झालं, मीही तापलो. म्हटलं, बटण दाबून कोणीही चढतं, तुझं खरं चढणं संपलं, हे एकदा मान्य कर. त्याने टीव्ही बंद केला. "मंग येऊ नको," म्हणाला. मी तीन रविवार गेलो नाही. आणि तिसऱ्या रविवारी, तो गेला त्याच दुपारी, त्याचा फोन आला होता. नाव पाहिलं आणि कापला. राहू दे थोडा तळमळत, असं मनात म्हटलंसुद्धा.

आता माझा राग कोणाकोणावर आहे ते ऐका. त्या गेमवर, की त्याने मेलेल्या पायांना चटक लावली. वसंतावर, की आयुष्यभर पाळलेली रीत मोडून एकटा चढला. डॉक्टरांवर, शेजाऱ्यांवर, टाकी बांधणाऱ्या मिस्त्रीवर. पण रात्रंदिवस कुरतडत होता तो एकच कापलेला फोन. खालचा माणूस मी होतो, आणि मी जागेवर नव्हतो. शेवटी गेल्या रविवारी वहिनींसमोर बसलो आणि सगळं ओकलो. राग, नक्कल, भांडण, फोन... माझ्यामुळे वसंता एकटा चढला म्हणालो, हुंदकेही दिले, चांगले मोठे.

वहिनी भाजी निवडत होत्या. माझं आटोपू दिलं. मग म्हणाल्या, "एकटे काहून? मी होती ना खाली."

मग त्या सांगत गेल्या. गच्चीच्या कुलपाची किल्ली त्यांनीच दिली होती. आठ दिवस तो मागत होता, एकदा वारा खाऊन येतो म्हणत होता. तासभर लागला त्याला. एक पायरी, मग थांबणं. वहिनी शिडी धरून मान वर करून उभ्या. वर बसल्यावर त्याने मला फोन लावला, मी कापला तेव्हा हसला आणि म्हणाला, रुसला बुवा अजून. मग बराच वेळ नुसताच बसला. वहिनींनी तीन हाका मारल्या, तेव्हा त्यांना कळलं.

"दर गोष्टीत तुमालेच पुढं उभं राहाचं असते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तो राग माहा आहे. तो तरी राहू द्या मले."

आवाज चढला नव्हता. पण हातातली भेंडी मोडली.

मी उठायला लागलो तर म्हणाल्या, बसा, चहा होते. आणि चहा ठेवून येऊन त्यांनी टीव्ही लावला, वसंताच्या जागेवर बसल्या आणि तो गडी चालवू लागल्या. चढवत नाहीत त्याला. उडी नाही, मारामारी नाही. फुटपाथच्या कडेकडेने चालवतात, समोरून कोणी आलं की थांबवतात. एक बाई आली, तिचं ठरलेलं वाक्य बोलली. वहिनी म्हणाल्या, "हो बाई." मी म्हटलं, वहिनी, ते वरचं बटण दाबा, उडेल तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गडी तसल्याच एका रंगवलेल्या दारापाशी नेला, आणि त्याच्याकरवी दाराला धडका देऊ लागल्या. धड, धड, धड... चहा उतू गेला तरी थांबल्या नाहीत. मी उठून गॅस बंद केला.