चौदा माणसांचं घर

ठाणाकुशनूरहून हैदराबादच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा आमच्या दोन बॅगांपैकी एकीत नुसत्या कडक भाकरी होत्या (ज्वारीच्या, पापडासारख्या वाळवलेल्या, महिनाभर टिकणाऱ्या). बायकोच्या हिशेबाने साठ, माझ्या हिशेबाने सहाशे. विमान कोसळलं असतं तरी त्यातली एक मोडली नसती. गाडीत बसताना बायकोने बजावलं, "पल्लवीचं घर ठरल्याबिगर परत तोंड दाखवू नका."

पल्लवी आमची एकुलती एक लेक. बंगळूरच्या कंपनीने तिला दोन वर्षांसाठी अमेरिकेतल्या ओमाहा शहरात पाठवलं. सोमवारी कामावर हजर व्हायचं आणि त्याआधी शनिवारी कंपनीने दिलेली हॉटेलची खोली सोडून भाड्याच्या घरात जायचं, असा बेत. मी सोबत कशाला, तर मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत तीस वर्षं मी भूगोल शिकवला. नकाशावर काठी टेकवून "हा मक्याचा पट्टा" असं इतक्यांदा सांगितलं, की ओमाहाच्या जागी भोकच पडलं. त्या भोकात काय आहे ते बघायचा माझा हक्क होता.

भोकात मकाच होता. विमानातून खाली बघितलं तर आमचा आख्खा औराद तालुका एकाच शेतकऱ्याच्या बांधात मावेल एवढी शेतं. शहरातले रस्ते असे रुंद, की या कडेने पेरत निघालं तर पलीकडे पोचेपर्यंत काढणीला यावं. आणि त्यावर पायी चालणारे आम्ही दोघंच. पहिल्याच दिवशी तीन गाड्या थांबल्या. "काही अडचण आहे का? कुठं सोडू?" पायी चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेलाच, अशी तिथल्यांची समजूत. माणसं मायाळू. जेवायला मक्याचा गोडसर पाव मिळाला. त्यावर शेंगाची चटणी (शेंगदाण्याची, लसूण घातलेली) टाकली तेव्हा तो माणसात आला.

घरं मात्र जुळेनात. एक हमरस्त्याला चिकटलेलं, दुसऱ्याकडे बसच जात नव्हती. पल्लवीला गाडी चालवता येत नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, तिसरं घर बघितलं: विटांची तीन मजली इमारत, एक झोपायची खोली, स्वयंपाकघर, खिडकीबाहेर झाड, आणि कंपनी तिथून अकरा मिनिटांच्या चालीवर. पल्लवीचा चेहरा असा उजळला, की मी टोपी पुढे ओढून घेतली.

इमारतीच्या व्यवस्थापक नोराबाई. साठीच्या, कापलेले पांढरे केस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बाई इंग्रजीत बोलायच्या, पण मला सगळं आमच्याच मराठीत ऐकू यायचं, म्हणून तसंच लिहितो. पल्लवी तळघरातली कपडे धुण्याची यंत्रं बघायला गेली आणि बाईंनी अर्ज काढून मला विचारलं, "मास्तर, घरात माणसं किती ऱ्हाणार?"

आता आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारला तर कमी सांगणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. दोन म्हणालो तर समोरचा विचारील, "कामून? भांडणं झाली काय?" मी छाती काढून सांगितलं, "अक्का, आमच्या पंगतीला चौदाच्या खाली माणूस कधी बसला न्हाई. थोरले भाऊ, धाकटे भाऊ, त्यांची लेकरं, गुडघ्याच्या इलाजाला येणारी मामी. सगळी येतील, ऱ्हातील. घर कसं भरलेलं पाहिजे."

बाईंनी एकेक करून सगळी लिहून घेतली. मामीसुद्धा. मग लेखणी खाली ठेवली. "एका खोलीच्या घरात दोनच माणसं चालतात. हा अर्ज मला पुढं धाडता येत न्हाई."

पल्लवी धावत वर आली. तिने परोपरीने सांगितलं. बाई म्हणाल्या, "आज एक म्हणाल, दिवाळीत चौदा आणाल. उद्या दुपारी दुसरं गिऱ्हाईक बघायला येणार हाय."

हॉटेलपर्यंत पल्लवी माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. दारात वळून म्हणाली, "अप्पा, चौदा माणसं कुठून आणलाव? मला तर इथं एक बी ओळखीचं न्हाई."

शुक्रवारी सकाळी तिला न सांगता मी निघालो. पिशवीत दहा भाकरी आणि डोक्यात तीन थापा तयार. पहिलीत दोन्ही भाऊ हिमालयात संन्यासी झाले होते. दुसरीत मामी बरी झाली होती. तिसरी इतकी फक्कड होती, की ती वापरायला मिळाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

घराचं दार उघडं होतं. नोराबाई आत नळ तपासत होत्या. रिकाम्या स्वयंपाकघरात मागच्या भाडेकरूने टाकून दिलेली एक खुर्ची होती. एकच. त्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन जेवणारी आमची पल्लवी मला दिसली आणि तिन्ही थापा घशातच वाळल्या.

"बोला मास्तर," बाई म्हणाल्या, "आज किती?"

"एक."

"नक्की?"

"नक्की. एकटीच ऱ्हाणार हाय ती. काल मला ते म्हणवलं न्हाई, अक्का. म्हणून गाव गोळा केलो."

बाईंनी नळ बंद केला. जुडग्यातल्या किल्ल्या उगाच पुढेमागे केल्या. "मी बी एकटीच ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "खालच्या मजल्यावर. पहिलं वरीस जड जातंय." मग नवा कोरा अर्ज काढला आणि माणसांच्या रकान्यात एकचा आकडा काढून माझ्यासमोर धरला. "आनि नियम असाय, की पाव्हणा सलग चौदा दिवस ऱ्हाऊ शकतोय. तुमचे उद्यापासून मोजू का?"

मी भाकर पुढे केली. ती दाताने फुटेना, तेव्हा बाईंनी किल्ल्यांच्या जुडग्याने फोडली आणि उभ्या उभ्या दोन खाल्ल्या. मी चार सांगतो. संध्याकाळी घर पल्लवीच्या नावावर झालं.

चौदा दिवस मी नियमाप्रमाणे पाहुणा राहिलो. पंधराव्या दिवशी सकाळी विमानतळाची गाडी आली तेव्हा पल्लवी दारात उभी होती. "अप्पा, पोचलाव की फोन करा," एवढंच म्हणाली. तिच्या मागे नोराबाई, हातात भाकरीचा तुकडा. मी काचेतून मोजलं. दोन. शिक्षकाची जात, मोजल्याशिवाय राहवत नाही.

गावी आलो. चहाच्या हॉटेलात मंडळी टपलेलीच होती. "मास्तर, पोरीच्या घरात माणसं किती?"

मी थापा मारत आलो ते जग भरलेलं दिसावं म्हणून, हे मला त्या खुर्चीसमोर कळलं होतं. आता खरं सांगायचं ठरवलं. "एक."

सगळ्यांनी कप खाली ठेवले. कपातला चहा निवायला लागला. शेवटी एकजण म्हणाला, "मास्तर, थट्टा पुरे. खरं सांगा की!"

"बरं," मी म्हणालो, "चौदा."

"आस्सं!" म्हणत सगळ्यांनी कप उचलले. मीही उचलला.