दिग्रसला भरलेल्या बांगड्या
ओल्या सरकीचा वास आला की मला दिग्रसची ती संध्याकाळ आठवते. नवरा जाऊन सहा महिने झाले होते. सासूचे डोळे तपासून आम्ही एसटी स्टँडकडे निघालो, तर अवेळी पाऊस कोसळला आणि कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाशी आडोशाला थांबावं लागलं. पाऊस ओसरला, तेव्हा पूर्वेला भिजलेल्या पत्र्यांवर अख्खं इंद्रधनुष्य उभं होतं. इतक्या महिन्यांत मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. बघता बघता छातीतलं ओझं सैल झालं, देवानं मला टाकलेलं नाही असं वाटलं. समोरच बांगड्यांचं दुकान होतं. मी सरळ आत गेले आणि कासारणीपुढे दोन्ही हात धरले. "लाल भर, हिरव्या भर, पिवळ्याबी भर." सासू धावत आली. "लोकं काय म्हनतीन? तुले लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "आत्याबाई, आभाळाले एवढे रंग चालते, तं मलेच काहून चालत नाही?" कासारीण घुटमळली, पण मी हात मागे घेतले नाहीत. एसटीत सासू माझ्याशेजारी बसली नाही. गावात बायकांनी तोंडं फिरवली. त्या बांगड्या कधीच्या फुटल्या. मी नव्या भरल्या, आजही भरते, कुणालाही न विचारता.